न पाहिलेल्या भागाची हमी

१९९५च्या ऑक्टोबरात स्पेनमधल्या कातालुन्या रॅलीत टोयोटाच्या सेलिका गाड्यांत एक लहानशी गोष्ट सापडली. जागतिक रॅली स्पर्धेच्या नियमांनुसार टर्बोच्या तोंडाशी एक आखूड कडी बसवावी लागे, आणि तिचं भोक ३४ मिलिमीटरपेक्षा मोठं असून चालत नसे. इंजिनाला हवा किती मिळणार हे त्या भोकावर ठरे आणि ताकद किती मिळणार हे हवेवर. टोयोटाच्या टर्बोत ही कडी होती, भोकही अगदी मापाचं होतं. पण सगळी जोडणी करून बाहेरचा पट्टा आवळला की आतल्या स्प्रिंगसारख्या वॉशरांवर दाब येई आणि कडी काही मिलिमीटर सरके. त्या फटीतून, मोजलेल्या भोकाला वळसा घालून, जास्तीची हवा आत शिरे. पट्टा सैल केला की सगळं पुन्हा जागच्या जागी. म्हणजे तपासनिसाने टर्बो उघडायला घेतला की त्या उघडण्यानेच पुरावा मिटत होता. ‘एफआयए’ या मोटर-क्रीडेच्या जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी, तीस वर्षांत इतकी कल्पक गोष्ट आपण पाहिली नव्हती, अशा अर्थाची दाद दिली आणि शिक्षाही दिली.

शिक्षा अशी: संघाला बारा महिने बंदी, मोसमातले संघाचे सगळे गुण रद्द, आणि यूहा कांकुनेन, दिदिए ओरिओल, आर्मिन श्वार्त्झ या चालकांचेही गुण रद्द. चालकांना ही युक्ती ठाऊक होती असा आरोप संघटनेने केला नाही. कांकुनेन त्या वेळी विश्वविजेतेपदाच्या अगदी जवळ होता. त्याच्या शेजारच्या आसनावर बसून वळणं वाचून दाखवणाऱ्या सहचालकाचेही कष्ट त्याच झटक्यात गेले. हातातल्या वहीतून पुढचं वळण किती अंशांचं आणि त्यापुढे उतार आहे की दगड, एवढं सांगणाऱ्या माणसाचा टर्बोच्या वॉशरांशी संबंध तो काय?

मला या प्रकरणात गाड्यांपेक्षा एका प्रश्नाचं आकर्षण आहे. जो भाग मी बनवला नाही, बसवला नाही, उघडून पाहू शकत नव्हतो, त्याच्या बेकायदेशीरपणाचं उत्तर माझ्याकडून मागणं न्याय्य आहे का? हा प्रश्न रॅलीत स्वच्छ दिसतो, कारण तिथे भागांना क्रमांक असतात, मापं असतात, कागद असतात. आपल्या रोजच्या आयुष्यात तो इतका स्वच्छ दिसत नाही, पण असतो तोच.

मी व्यवसायाने अनुवादक, तेव्हा आधी शब्दापाशी थांबते. एफआयएच्या आंतरराष्ट्रीय क्रीडासंहितेत दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. फ्रेंचमध्ये एकाला ‘पिलोत’ म्हणतात, दुसऱ्याला ‘काँक्युराँ’. इंग्रजीत ‘ड्रायव्हर’ आणि ‘कॉम्पिटिटर’. दुसरा शब्द मराठीत आणायचा तर हात आपोआप ‘स्पर्धक’कडे जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. ‘स्पर्धक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेल्मेट घातलेला, सुकाणू धरलेला माणूस येतो. संहितेतला ‘कॉम्पिटिटर’ तो नव्हे. तो म्हणजे गाडी स्पर्धेत उतरवणारा, ज्याच्या नावाने प्रवेश-अर्ज भरला जातो तो. ती एखादी कंपनी असेल, क्लब असेल, माणूस असेल. कधी चालक स्वतःच असेल, पण तेव्हाही परवाने दोन लागतात. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द मला बैलगाडा शर्यतीत सापडतो: गाडामालक. घाटात बैल पळतात, पण पुकारा होतो तो गाडामालकाच्या नावाचा. रॅलीच्या संहितेत उत्तर द्यायचं असतं ते या गाडामालकाने. त्याच्यासाठी काम करणाऱ्या प्रत्येकाच्या, मेकॅनिकच्या आणि चालकाच्याही, कृतीचा आणि हलगर्जीचा भार त्याच्यावर असतो.

संहितेतल्या आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या. गाडी तपासणीसाठी पुढे आणणं हेच एक विधान मानलं जातं. तोंडाने काही न बोलता तुम्ही सांगितलेलं असतं की ही गाडी नियमांत बसते. आणि दुसरी: भाग नियमबाह्य निघाला, तर ‘त्याने आम्हाला काही फायदा झाला नाही’ हा बचाव चालत नाही.

ही दुसरी अट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला कठोर वाटली. उदाहरणं पाहिली की ती अधिकच टोचते. १९९९मध्ये माँटे कार्लो रॅलीत फोर्डची नवी फोकस गाडी पदार्पणातच तिसरी आली आणि पाण्याच्या पंपावरून बाद झाली. चालवत होता कॉलिन मॅक्‌रे. २००४मध्ये सायप्रसला प्यूजोचा मार्कुस ग्रोनहोम पहिला आला, आणि त्याची व सहकारी हारी रोवानपेराची अशा दोन्ही गाड्या बाद झाल्या. कारण पुन्हा पाण्याचा पंप. २०१२मध्ये पोर्तुगालला मिक्को हिर्वोनेनने सित्रोएनसाठी पहिला विजय मिळवला, हारतुरे झाले, आणि मग क्लचचा भाग नोंदवलेल्या भागाशी जुळत नाही म्हणून तो विजय गेला. जिंकला माद्स ऑस्टबर्ग. पाण्याच्या पंपाने कोण कधी शर्यत जिंकलं आहे?

पण या अटीमागे एक व्यावहारिक शहाणपण आहे. रॅलीत सगळ्या गाड्या एकाच वेळी पळत नाहीत. एकामागून एक सुटतात. पहिल्या गाडीला मोकळी खडी मिळते, दहाव्या गाडीला झाडलेला रस्ता. मध्येच पाऊस येतो. एका भागाने किती सेकंद वाचवले याचं गणित कुणालाच मांडता येत नाही. फायदा सिद्ध करायला सांगितलं तर प्रत्येक निकाल वकिलांच्या हाती जाईल. म्हणून संहिता फायद्याचा प्रश्नच विचारत नाही. ती विचारते: कागदावर नोंदवलेला भाग आणि गाडीतला भाग एकच आहे का?

या नोंदणीला ‘होमोलोगेशन’ म्हणतात. मुळात हा ग्रीक शब्द: ‘होमोस’ म्हणजे तोच, आणि ‘लोगोस’ म्हणजे बोल. ‘होमोलोगेइन’ म्हणजे तेच बोलणं, सहमत होणं. कागदाने जे म्हटलं तेच गाडीनेही म्हणायचं. अनुवादकाला यापेक्षा ओळखीची अट कुठली असणार!

आता न्यायाचा प्रश्न. माझ्या मते इथे तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंततात आणि त्यामुळे आपली चिडचिड होते. पहिला: हे केलं कुणी? दुसरा: यातून जे मिळालं ते कुणी ठेवायचं? तिसरा: याचं उत्तर कुणी द्यायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, आणि हिर्वोनेनच्या क्लचचं प्रकरण तिथेच सुटतं. मी बाजारातून रीतसर पैसे देऊन सायकल घेतली आणि ती चोरीची निघाली, तर ती मूळ मालकाला परत करावी लागेल. मी चोर ठरत नाही, पण सायकल माझी राहत नाही. विजय काढून घेणं हे अशा वेळी शिक्षेपेक्षा परतफेडीच्या जवळ जातं. ऑस्टबर्गची गाडी कागदाप्रमाणे होती. त्याच्या पुढे जे नाव होतं ते त्या जागी असायला नको होतं. एवढ्यासाठी हिर्वोनेनला दोषी म्हणण्याची गरज नाही, आणि त्याला फसवं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

तरीही हिर्वोनेन आणि रस्त्याकडेला उभा असलेला प्रेक्षक यांची स्थिती सारखी नाही. इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६च्या ‘मॉरल लक’ या निबंधात एका ट्रकचालकाचं उदाहरण घेतलं आहे. त्याची काही चूक नसताना एक मूल त्याच्या चाकाखाली येतं. भोवतालचे लोक त्याला समजावतात की तुझा दोष नाही, आणि ते बरोबरच आहे. पण तो चालक जर लगेच ‘खरंच, माझा दोष नाही’ म्हणून चहा प्यायला गेला, तर आपल्याला त्याच्याबद्दल काहीतरी खटकेल. आपल्या हातून जे घडलं त्याच्याशी आपलं एक नातं असतं, ते दोषाच्या हिशेबात मावत नाही. क्लच आणि मूल यांची तुलना होऊ शकत नाही. नातं मात्र त्याच जातीचं आहे. क्लच हिर्वोनेनच्या पायाखाली होता.

१९९५चं प्रकरण मात्र परतफेडीपाशी थांबत नाही. युक्ती सापडली कातालुन्यात; गुण गेले वर्षभराचे. त्यात ओरिओलने कॉर्सिकात जिंकलेल्या रॅलीचे गुणही गेले. हे परत घेणं आहे की दंड? मला वाटतं, संघटनेने इथे ‘गाडामालका’ला शिक्षा केली आणि ती चालकाच्या अंगावरून पार गेली. याच्या बाजूने एकच युक्तिवाद मला पटतो. चालकाला आपली गाडी कशी ओढते हे पाठीला कळतं. ती अचानक जास्त ओढू लागली तर ‘हे कुठून आलं?’ असं विचारायला तो मोकळा असतो. त्या तीन चालकांना काय जाणवलं यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण सर्वसाधारणपणे बोलायचं तर, न कळणं ही नेहमीच अंधारातली अवस्था नसते. कधी कधी दिवा न लावण्याचा तो निर्णय असतो. चालकाला काहीच गमवावं लागणार नसेल, तर दिवा लावण्याचं त्याला कारणच उरत नाही. कडक नियम त्याला कारण पुरवतो. मात्र हा युक्तिवाद सहचालकापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या वहीत टर्बोचं पान नसतं.

आपल्याकडेही हा प्रश्न फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघाताचा विचार आहे. वेसण तुटली, जू मोडलं, आस मोडला, चाक मोडलं, ‘बाजूला व्हा’ असं ओरडून सांगितलं होतं, तर कुणालाच दंड नाही. हाकणारा अकुशल असेल तर दंड गाडीच्या मालकाला. हाकणारा कुशल असूनही चुकला तर दंड त्याला. आणि अकुशल माणूस हाकतो आहे हे असूनही जे गाडीत बसले, त्या सगळ्यांनाही दंड. ज्या ग्रंथाचं दहन डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झालं, त्याच्याकडे न्याय शिकायला जावं असं मी म्हणणार नाही. दंड माणसाच्या जन्मावरून ठरवणारं शास्त्र गाडीच्या बाबतीत बारकाईने बोलतं, ही त्याची बढाई नव्हे, विसंगती आहे. पण प्रश्नांचा आराखडा पाहण्यासारखा आहे: मालक, हाकणारा, बसणारे, आणि मोडलेला भाग. तिथे मोडलेला भाग सगळ्यांना सोडवतो. रॅलीच्या संहितेत बदललेला भाग सगळ्यांना अडकवतो. या फरकाचं कारण उघड आहे. आस मोडणं हे घडतं, आस बदलणं हे केलं जातं. मधल्या काळात भाग ही निसर्गाची गोष्ट राहिली नाही, ती दिलेल्या शब्दासारखी झाली.

मग शब्द तपासणाऱ्याचं काय? १९८६च्या ऑक्टोबरात इटलीतल्या सानरेमो रॅलीत तपासनिसांनी प्यूजो गाड्यांच्या कडांखालच्या पट्ट्या नियमबाह्य ठरवल्या आणि गाड्या बाद केल्या. लान्चाचा मार्कू आलेन जिंकला, पुढे अमेरिकेतली शेवटची रॅलीही जिंकला आणि विश्वविजेता झाला. अकरा दिवसांसाठी. मग तेव्हाच्या ‘फिसा’ या नियामक मंडळाने ठरवलं की प्यूजोला बाद करणंच चूक होतं, आणि सानरेमोचे गुणच रद्द केले. आलेनचे गुणही गेले. विजेतेपद प्यूजोच्या चालकाकडे गेलं, आणि तो होता यूहा कांकुनेन. चूक तपासनिसाची, आणि किंमत मोजली ज्याच्या गाडीत काहीच वावगं नव्हतं त्या माणसाने. एकाच चालकाला १९८६मध्ये एका भागाने विजेतेपद दिलं आणि १९९५मध्ये दुसऱ्या भागाने ते दूर नेलं. दोन्ही वेळा त्याने स्वतः काय केलं हा प्रश्न गौण होता.

त्याआधी वीस वर्षं, १९६६च्या माँटे कार्लोत, टिमो मॅकिनेन, राउनो आल्टोनेन आणि पॅडी हॉपकर्क यांच्या मिनी कूपर गाड्या पहिल्या तीन क्रमांकांवर आल्या होत्या. त्यांच्या पुढच्या दिव्यांत एकाच तारेचे आयोडीन बल्ब होते, आणि प्रकाश खाली करण्याची त्यांची पद्धत नियमात बसत नाही म्हणून तिन्ही गाड्या बाद झाल्या. फ्रेंच सित्रोएनमधला पाउली तोइवोनेन विजेता ठरला. दिवे तर गाडीच्या कपाळावरच असतात, ते कुणी लपवले नव्हते. ब्रिटनमध्ये याचा अर्थ एकच लावला गेला: जिंकायला कोण हवं हे आधी ठरलं होतं. तो अर्थ खरा असो वा नसो, एक गोष्ट त्यातून दिसते. ‘हेतू विचारणार नाही’ असं म्हणणारा नियम तपासणाऱ्याच्या हाती फार मोठी ताकद देतो. म्हणून जो दुसऱ्याचा हेतू विचारात घेत नाही, त्याला आपल्या चुकीसाठीही हेतूची सबब सांगता येऊ नये. एफआयए चालकाला कडक नियम लावत असेल, तर तपासनिसालाही तोच लावला पाहिजे. सानरेमोत तसं झालं नाही.

हे सगळं खेळापुरतं आहे, असं वाटेल. पण पाउली तोइवोनेनचा मुलगा हेन्री २ मे १९८६ रोजी कॉर्सिकात आपला सहचालक सेर्जो क्रेस्तो याच्यासह गाडी दरीत कोसळून, जळून मेला. त्याआधी सुमारे दोन महिने पोर्तुगालमध्ये एक गाडी गर्दीत घुसून प्रेक्षक मेले होते. या दोन घटनांनंतर ‘ग्रुप बी’ या अफाट ताकदीच्या गाड्या १९८७पासून बंद झाल्या. पुढे टर्बोच्या तोंडाशी कडी आली ती ताकद आवरायला. म्हणजे १९९५ची ती सरकणारी कडी प्रतिस्पर्ध्यांना तर फसवत होतीच, पण ज्या वेगाला आवरायचं ठरलं होतं तो वेग परत आणत होती, आणि त्या वेगाच्या रस्त्याकडेला माणसं उभी असतात. त्यांनी कुठल्याच कागदावर सही केलेली नसते. गाडामालकाने गाडी तपासणीला उभी केली, तेव्हा न बोलता दिलेलं आश्वासन त्यांनाही होतं.

आता तिसरा प्रश्न, उत्तर कुणी द्यायचं. आपण मराठीत ‘जबाबदार’ आणि ‘दोषी’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. ‘अपघाताला जबाबदार कोण’ या मथळ्याखाली दोषीच शोधला जातो. पण शब्द फोडून पाहावा. जबाब हा अरबीतून आलेला, ‘दार’ हा फारसी प्रत्यय. जबाबदार म्हणजे ज्याच्यापाशी उत्तर आहे तो. संस्कृतातून घेतलेला ‘उत्तरदायी’ म्हणजे उत्तर देणारा. इंग्रजी ‘रिस्पॉन्सिबल’च्या मुळाशी लॅटिनमधलं उत्तर देण्याचं क्रियापद आहे. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या या तिन्ही शब्दांत करणाऱ्याचा उल्लेख नाही. आहे तो फक्त विचारलं असता उठून उभा राहणाऱ्याचा.

पण उभा राहणारा ‘संघ’ असेल तर एक धोका आहे. ‘संघाची जबाबदारी’ म्हटलं की ती कडी कुणी रेखाटली, कुणी घडवली, कुणी ‘चालेल’ म्हटलं, ही माणसं त्या शब्दामागे अलगद नाहीशी होतात. संघ उत्तर देतो, चालक गुण गमावतो, आणि पहिल्या प्रश्नाचं, ‘केलं कुणी’चं, उत्तर कुणी विचारतच नाही. जबाबदारीचा कडक नियम दोषाच्या शोधाला पर्याय म्हणून वापरला गेला, तर तो न्याय राहत नाही, सोय होते. पूल पडतो तेव्हा ठेकेदाराचं नाव काळ्या यादीत जातं आणि सिमेंट कमी घालायला सांगणारा पुढच्या कंपनीत रुजू होतो, हे आपण पाहिलेलं आहे.

माझ्या धंद्यात हे रोज घडतं, फक्त कुणी गुण कापत नाही. मराठीत रशियन, हंगेरियन, जपानी कादंबऱ्या अनेकदा इंग्रजीवरून येतात. इंग्रजी अनुवादकाने एखादा परिच्छेद गाळला असेल, एखाद्या पात्राची शिवी सौम्य केली असेल, तर ते मराठी अनुवादकाला कळण्याची सोय नसते. भाग दुसऱ्याने बनवलेला, मी तो बसवते. मूळ भाषा न येणाऱ्या वाचकाला टर्बो उघडता येत नाही. पुस्तक विकायला ठेवणं हेच माझं न बोललेलं विधान. म्हणून मुखपृष्ठाच्या आत ‘इंग्रजीवरून’ हा एक शब्द छापणं मला सभ्यतेपेक्षा अधिक काही वाटतं. तो माझा नोंदणीचा कागद आहे. तो नसेल, तर आत गाळलेल्या परिच्छेदाचा दोष माझा नसला तरी उत्तर माझंच. तो असेल तरीही, वाचकाने परिच्छेद दाखवून विचारलं की ‘मला ठाऊक नव्हतं’ एवढ्यावर मला थांबता येणार नाही. पुढच्या आवृत्तीत तो घालावा लागेल, आणि गाळला कुणी, हेही शोधून सांगावं लागेल.